पिंपातलं गुलाबी पाणी

चौथ्या पेल्यातला गुलाबी रंगही जागचा हलला नाही. झोर्नित्सानं चारही पेले पुन्हा एकदा उजेडाला धरून पाहिले.

प्लोवदिवच्या त्या शाळेतून सोफियाच्या रसायन स्पर्धेला एकच जण जायचा, आणि तो आज ठरणार होता. सप्टेंबरपासून तिनं त्याचाच ध्यास घेतला होता. प्रत्येकापुढे चार पेले. बफर त्यांतल्या एकातच. घरून उकळून आणलेला लाल कोबीचा रस थेंबभर घालायचा, मग आम्लाचे थेंब, मग आम्लारीचे. बाकीचे पेले रंग पालटतात. बफर दोन्ही पचवून तसंच राहतं.

पुढच्या बाकावरच्या प्लामेनला तिसरा पेला केव्हाच सापडला होता. तो मागे वळला.

"काय गं, चारही बफर? तुझा कोबी मेलाय वाटतं."

सगळे हसले.

तिनं बाटली नाकाशी नेली. आंबूस वास. म्हणजे ही आईची बाटली. नाताळाआधीचे उपास चालू होते, आणि प्रार्थना झाली की आई पिंपात आंबवलेल्या कोबीचं पाणी पेलाभर प्यायची. पिंपात एक लाल कोबीही असायचा, त्यानंच ते गुलाबी व्हायचं. फ्रिजमध्ये दोन्ही बाटल्या शेजारी होत्या. सकाळच्या घाईत तिनं नेमकी ही उचलली होती. वर रंग फिका वाटला म्हणून प्रत्येक पेल्यात चांगली अर्धी अर्धी वाटी ओतली होती.

दहा मिनिटं उरली होती. प्लामेननं तर तिला तिसरा पेला म्हणून तीन बोटंही दाखवली होती. तेवढं लिहिलं की सुटका. पण तिच्या पेल्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, रंग धरून ठेवणारं या बाटलीतच असलं तर? तिनं रिकामा पेला घेतला, नळाचं साधं पाणी भरलं, त्यात बाटलीतलं ओतलं. आम्ल घातलं. गुलाबी. आम्लारी घातलं. गुलाबी. आणखी घातलं. तरी गुलाबीच.

झोर्नित्सानं हळूच क्रूसाची खूण केली आणि कागदावर लिहिलं, ‘चारांतलं बफर मला ओळखता आलं नाही. पण एक बफर माझ्या बाटलीत आहे.’ खाली नळाच्या पाण्याचा प्रयोग लिहिला.

निवड करणाऱ्या वेल्चकोवाबाईंनी तो कागद दोनदा वाचला. बाटली उघडून वास घेतला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी सोफियासाठी झोर्नित्साचं नाव पुकारलं. प्लामेन उठून उभाच राहिला. उत्तर तिसरा पेला हेच होतं ना, असं त्यानं विचारलं.

"तेच होतं," बाई म्हणाल्या. "मी ठेवलेलं बफर तुम्ही सोळाही जणांनी ओळखलंत. हिनं मी न ठेवलेलं ओळखलं."