पंख्याविना बोट

उदयसिंहांनी शर्यतीच्या बोटीची जुनी मोटार सोलापुरातल्या गॅरेजात खपून दुरुस्त केली. गिअरपेटी जुळवली, पाणी कापून बोट पुढं ढकलणारा पितळी पंखा घासूनपुसून बसवला. चाचणीसाठी त्यांची लेक अंकिता उजनी धरणाच्या पाण्यात बोट घेऊन गेली.

मधोमध मोटारीचा आवाज थांबला. वारा बोटीला आत लोटू लागला. काठावरून उदयसिंह तिला हाका मारू लागले.

तेवढ्यात बोट वळली आणि वाऱ्याच्या उलट सरळ काठाला आली.

त्यांनी लेकीला छातीशी धरलं. जीव भांड्यात पडला.

"आप्पा, पंखा निखळून पाण्यात गेला," ती म्हणाली. "मी मोटार बंद केली. तर बोट आपसूकच निघाली की."

त्यांनी बोटीच्या मागची मोटार पाण्याबाहेर उचलली. मोटार बंद होती, तरी पंख्याविना नुसता दांडा सावकाश फिरत होता.

"पोरीला आणलंस बाबा," ते दांड्याकडे बघत पुटपुटले.

तेव्हा कुठं दांडा थांबला.