दोन कप आधण

आचोळ्यात सुनंदाचं घर शेवटच्या मजल्यावर. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा, की रोज दुपारी दोनला ती दार ओढून तळमजल्यावर शर्लीकडे यायची. एकट्या राहणाऱ्या शर्लीचा चहा तिच्यासाठी थांबलेला असायचा.

यंदा शर्लीच्याच भाच्याने गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारला आणि सुनंदाच्या घरात थर्माकोलचं छत केलं. पंखा पाचावरून दोनावर आला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता शर्लीने एकाच कपाचं आधण ठेवलं. तेवढ्यात बेल वाजली.

"काय गं, अजून तापतं घर?"

"भट्टी आहे नुसती," म्हणत सुनंदाने चपला काढल्या.

शर्लीने तिचा गार हात धरून तिला आत घेतलं आणि आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.