बाबांच्या पाठीमागे

टर्बो इंजिनावरची शेवटची व्हॅक्यूम नळीही बाबांनी नुसती दाबून बसवली. “क्लिप लावा ना,” लेक म्हणाली. गॅरेज आता तिचं होतं. “कशाला? इंजिन नळीला ओढून धरतं. जन्म गेला माझा यात.” “जुनी इंजिनं नुसती हवा ओढायची, बाबा. टर्बो फुंकतोसुद्धा. चढावर नळी उडेल.” “मला शिकवू नकोस,” म्हणत बाबा चहाला निघाले. चष्मा राहिला म्हणून वळले, तर लेक बॉनेटखाली वाकून एकेका नळीवर गुपचूप क्लिप आवळत होती. बाबांचा पारा चढला आणि तिथेच उतरला. ती शाळकरी असताना तिने ऐटीत आवळलेला प्रत्येक नट तेही असाच तिच्या पाठीमागे पुन्हा आवळायचे. चष्म्याविनाच पाय न वाजवता बाहेर गेले. चहा सावकाश प्यायले. परतताना दाराबाहेरूनच मोठ्याने खोकले. “चल,” म्हणाले, “चढावर बघू मी बसवलेली नळी कशी उडते.”