मास्तरांची जेवणाची सुट्टी

मास्तरांनी चौथ्या जाकिटाची शिवण उसवायला घेतली, तेव्हा मंडळी कँटीनमधून परतायला अजून अर्धा तास होता. त्यांचा डबा खिडकीत तसाच पडला होता.

बुलेटप्रूफ जाकीट म्हणजे काही सदरा नव्हे. पुढच्या कप्प्यातली जाड प्लेट गळ्याच्या खळगीखाली दोन बोटांवरच बसली पाहिजे. खाली सरकली तर छाती उघडी पडते, वर चढली तर जवानाला मान खाली घालता येत नाही. आज कप्पा चांगला चार बोटं खाली होता. मास्तरांनी खडूने खूण केली, मनातल्या मनात माप काढणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरला दोन शब्द सुनावले आणि टीप मारायला मशीनवर बसले.

सॉफ्टवेअरचा थाट मोठा होता. जवानाने एका खोक्यासारख्या खोलीत दोन मिनिटं उभं राहायचं. चहूकडून कॅमेरे त्याचं अंग मोजणार आणि सॉफ्टवेअर सांगणार, कप्पा कुठे, पट्टा केवढा, काखेत किती सैल. चौतीस वर्षं हे काम मास्तरांच्या बोटांनी केलं होतं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेलं कुणीच नव्हतं. ही गोष्ट त्यांना अधूनमधून टोचायची.

सॉफ्टवेअर लिहिणारी पोरगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. आल्या आल्या ती वही घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली होती.

"मास्तर, याचा डावा पट्टा लांब का केलात?"

"तसाच लागतो त्याला."

"पण ओळखलंत कशावरून?"

"बोटांना कळतं. वहीत लिहून घ्यायची गोष्ट नाही ती."

तीन दिवस तिने पिच्छा पुरवला, चौथ्या दिवशी वही मिटली. मास्तरांना वाईट वाटलं. त्यात आखडूपणा नव्हता, त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं. बिघडलेलं जाकीट हातात आलं की हात आपोआप चालायचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग सॉफ्टवेअरच्या मापाची पहिली सहा जाकिटं शिवून आली आणि मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"महिन्याने मोठे साहेब चाचणी घेणार आहेत," पोरगी चहा पिता पिता म्हणाली. "जाकिटं नीट बसली नाहीत तर काम बंद आणि मी घरी."

ती हे अगदी सहज म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणाची सुट्टी कामाला लावली. रोज सहा जाकिटं यायची. एक वाजला की पोरगी सगळ्यांना गोळा करून कँटीनला घेऊन जायची आणि कपाटाची किल्ली खिळ्यावर विसरून जायची. अगदी रोज. लष्कराचं काम असल्या वेंधळीच्या हाती दिलं तरी कुणी, असं म्हणत मास्तर किल्ली काढायचे.

सॉफ्टवेअरही एक नंबरचं धांदरट होतं. एके दिवशी कप्पा चुकायचा. दुसऱ्या दिवशी कप्पा जागेवर, तर पट्टा मानेला काचायचा. तिसऱ्या दिवशी काखेत. संध्याकाळी पोरगी तीच जाकिटं पुन्हा कॅमेऱ्यांसमोर धरायची, हिशेबासाठी म्हणे. पहिल्या दिवशी मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. पण ती पडद्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाली. शिवणीकडे बघायची अक्कल या पोरांना कुठली, असं वाटून मास्तर गालातल्या गालात हसले.

आज घरी डबा उघडताच बायकोने भुवया चढवल्या.

"पुन्हा भरलेला? माझ्या हाताची चव गेली की तुमच्या तोंडाची?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. बायकोने हसू दाबलं.

"म्हणजे चोरून शिवणकाम. या वयात."

"शुक्रवारी चाचणी आहे. ती पार पडू दे, पोरीची नोकरी टिकू दे. मग सोमवारी तिला सगळं कबूल करतो आणि शेजारी बसून एकेक चूक दाखवतो. चुकीचं जाकीट मी कुणाच्या अंगावर जाऊ देणार नाही."

"तुम्ही आणि समजावून सांगणार? भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा तुम्हाला सांगता येत नाही. नुसती वाटी सरकवता."

मास्तरांनी डब्यातली पोळी काढून खायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात एका हाताने खाता येईल असंच काहीतरी येऊ लागलं.

शुक्रवारी सकाळी अठरा जवानांनी अठरा जाकिटं घातली. ते पालथे झोपले, हात वर करून भिंतीला लोंबकळले, जिने धावत चढले. मास्तर कोपऱ्यात उभे राहून प्रत्येकाच्या गळ्याखाली नजरेनेच दोन बोटं मोजत होते. एकही जाकीट हललं नाही.

"अंगात काही आहे हे विसरायला होतं, साहेब," एक जवान म्हणाला.

मोठ्या साहेबांनी कागदावर सही केली. पोरगी मास्तरांपाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"हे तुमच्यामुळे झालं, मास्तर."

मास्तर दचकले. मग त्यांना वाटलं, संस्कारी पोर आहे, म्हणायचं म्हणून म्हणतेय.

"पोरी, मला एक सांगायचं होतं..."

"सोमवारी सांगा. आज घरी जा आणि पोटभर जेवा."

मास्तर रिकामा डबा हलवत निघाले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी चक्क शीळ घातली.

पोरीने कपाटाला कुलूप लावलं आणि आज किल्ली न विसरता खिशात टाकली. मोठे साहेब दारातून मागे वळले.

"झालं सगळं नोंदवून?"

"हो साहेब. मास्तरांची एकूण एक दुरुस्ती," ती म्हणाली. "आता मी मुद्दाम घातलेल्या चुका तेवढ्या काढून टाकते."