होडीची जागा

पहिले बघणारे दालनात शिरले, आणि तेव्हा कुठे सुमित्राचं लक्ष कोपऱ्यातल्या चित्राकडे गेलं. तिचं पहिलंच प्रदर्शन, आणि फ्रेमवाल्याने गठ्ठ्यातलं हे अर्धवट चित्रही मढवून भिंतीवर लावून टाकलं होतं! त्यावर सहीसुद्धा नव्हती. चित्र पुरं झाल्याशिवाय ती सही करतच नसे.

खाडीकाठी बसून तिने पाणी रंगवलं होतं, पलीकडची माडांची रांग रंगवली होती. होडीपुरता कागद कोरा ठेवला होता. होडी सगळ्यात शेवटी, निवांत रंगवू म्हणेपर्यंत ती धक्क्यावरून सुटलीसुद्धा. पुढे तिने किती नद्या पाहिल्या, किती बंदरं पालथी घातली. होड्या खूप भेटल्या. पण त्या कोऱ्या जागेत एकही बसेना.

आता त्या चित्रासमोर एक आजीबाई उभ्या होत्या. एकटक बघत, होडीत बसल्यासारख्या किंचित डुलत.

"आजी, ते चुकून लागलंय हो," सुमित्रा ओशाळून म्हणाली. "तिथे होडी यायची राहिलीय."

"राहिलीय कुठे, बाय? आत्ताच सुटली ती. माझी लेक सासरी निघाली ना, तेव्हा आमच्या धक्क्यावर पाणी अस्संच हलत राहिलं होतं. मी कितीतरी वेळ बघत बसले होते."

सुमित्राने पाहिलं. पाणी खरंच हलत होतं.

आजीबाई पुढच्या चित्राकडे वळल्या, तशी सुमित्रा त्या चित्राच्या काचेजवळ सरकली. खालच्या कोपऱ्यात तिने बोटानेच हळूच सही केली.