हात लावला की

आईने फोनला हात लावला की काहीतरी बिघडतंच, असं घरात सगळेच म्हणायचे. म्हणून लेक तिला विद्यापीठातल्या आपल्या ॲप क्लबात घेऊन गेली आणि मुलांनी बनवलेलं नवं ॲप तिच्यापुढे धरलं, तेव्हा आई अंग चोरून बसली.

"दाब गं काहीही," लेक म्हणाली.

नाव टाकता टाकता आईने मधेच मागे जायचं बटण दाबलं. ॲप बंदच पडलं. तिचा चेहरा उतरला, पण मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"काकू, ही चूक आम्हाला सापडतच नव्हती. लोकांच्या हातात जाण्याआधी कळलं, बरं झालं. पुढच्या शनिवारीही याल ना?"

घरी आल्यावर ती शेजारी बसताच बाबांनी सवयीने आपला फोन उचलून खिशात टाकला.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "मी आता फक्त विद्यापीठातलंच बिघडवते."