कोपऱ्यातली खोली

त्यागाशिवाय कोणतीही थोर वास्तू उभी राहत नाही. या खेपेस त्याग काकांचा होता आणि त्याचा लाभ सगळ्या गल्लीला होत होता.

काका विम्याचे एजंट. गल्ली त्यांना पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणे; फरक एवढाच की रेडिओ बंद करता येतो. गावातल्या जुन्या धर्मादाय प्रसूतिगृहाचं छप्पर कोसळायला आलं, तेव्हा काकांनी जाहीर केलं की आपण महिनाभर एक शब्दही बोलणार नाही. लोकांनी या तपश्चर्येवर देणग्या लावाव्यात. तोंडून शब्द निघाला तर सगळ्या देणग्या रद्द. लोकांचा हात एकदम सैल सुटला. सलूनवाला तर दोन महिन्यांचं मौन घ्या म्हणून हटून बसला. समोरचे निवृत्त हेडक्लार्क मात्र भावनेच्या भरात फार मोठा आकडा बोलून गेले होते. ते आता दिवसभर खिडकीत कान लावून बसत.

काकांच्या या खटाटोपाला कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक त्याच प्रसूतिगृहात, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जन्मली होती. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं आणि त्याच क्षणी पोरीने पहिला टाहो फोडला. ही हकिकत काकांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली होती. ती थांबावी म्हणून बरेच जण सही करून टाकत. काकूंनी मध्ये तोंड उघडलं की काका म्हणत, “थांब, मी सांगतो.”

मौनाच्या शेवटच्या दुपारी काकू मटार सोलत बसल्या होत्या. देणगी समितीचा माणूस नुकताच निरोप देऊन गेला होता: दुरुस्तीची सुरुवात कोपऱ्यातल्या खोलीपासून करायची आणि तिच्या दारावर काकांच्या लेकीच्या जन्माची पाटी लावायची. काकांची मान अजून समाधानाने डोलत होती.

“पाटी नको,” काकू म्हणाल्या. “आपली पोर त्या खोलीत झालीच नाही.”

काकांची मान थांबली.

“जिन्यात झाली. अर्ध्या जिन्यात. तुम्ही खाली रखवालदाराला विमा समजावत होतात. मी हाक मारली. ‘आलोच, एवढं वाक्य संपवतो,’ म्हणालात.”

काकांनी आ वासला. समोरच्या खिडकीत हेडक्लार्क पुढे झुकले.

“बोला की,” काकू म्हणाल्या. “छप्पर जाईल, दुसरं काय.”

काकांनी तोंड मिटलं.

“धरायला नुसती भिंत. तिला नखं रोवून रोवून तुटली माझी. झाडूवाली धावत आली, तिने पोर झेलली. तुम्ही वर आलात तोवर आम्हाला धुऊनपुसून खोलीत ठेवलं होतं. ऊन होतं, तेवढं खरं आहे.” काकूंनी एक शेंग मोडली. “मरते की काय असं वाटलं होतं मला. इतकी वर्षं सांगायला बघतेय. तुमचं ते वाक्य काही संपेना.”

काका उठले. दाराकडे गेले, परत आले, काकूंच्या शेजारी खाली बसले आणि शेंगा सोलू लागले. काकू बोलत राहिल्या. मटार संपले, तरी बोलत राहिल्या. उन्हं कलली तेव्हा हेडक्लार्कनी हताश होऊन खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. महिन्याभराचं साठलेलं ऐकावं लागणार म्हणून लोक पोटभर जेवून आले होते. काका माईकसमोर उभे राहिले.

“खोलीवर पाटी नको,” ते म्हणाले. “जिन्याला कठडा लावा. का, ते आमची ही सांगेल.”

आणि खाली बसले. अध्यक्षांनी माईक बिघडला समजून त्यावर टिचकी मारली. काकू उठल्या. त्या बराच वेळ बोलल्या, आणि कुणी मध्ये बोललं नाही.

छप्पर झालं. कठडाही बसला. संध्याकाळी काका त्याला टेकून नव्या रखवालदाराला विमा समजावत उभे असतात.